कारेल श्वार्त्सेनबर्ग: सरदार घराणे परराष्ट्रमंत्र्याच्या किती कामी येते?

प्रश्न असा आहे की, जुन्या सरदार घराण्यातला मनुष्य परराष्ट्र व्यवहाराच्या वाटेने राष्ट्रीय राजकारणात उतरला, तर घराणे त्याच्या कामी येते की आड येते. चेक प्रजासत्ताकाचे दोनदा परराष्ट्रमंत्री झालेले कारेल श्वार्त्सेनबर्ग २०१३ साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले ती घराण्यामुळेच का, असा त्याचा दुसरा भाग आहे. परराष्ट्र सेवेत असताना काही वर्षे मध्य युरोपाचे कामकाज माझ्याकडे होते आणि श्वार्त्सेनबर्ग यांच्या कारकिर्दीवरची टिपणे वाचणे व लिहिणे हा त्या कामाचाच भाग होता, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. जिथे मत मागावे लागत नाही तिथे घराणे कामी येते. मत मागायची वेळ आली की त्याच घराण्याचा हिशोब वेगळ्या वहीत मांडला जातो, आणि ती वही त्या देशाच्या ताज्या इतिहासाची असते.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे अशा माणसाचे नाव निघाले की डोळ्यांसमोर संस्थानिक येतो. श्वार्त्सेनबर्ग हे त्या अर्थाने राजे नव्हते. त्यांना व्हिएन्नाहून राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग सम्राटांच्या दरबारातले फार मोठे सरदार म्हणणे अधिक योग्य ठरेल. घराणे मूळचे जर्मनीतल्या फ्रँकोनियाचे, पण बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागात, त्याने शतकानुशतके जमिनी, जंगले, तळी आणि वाडे राखले. १८१३ साली लाइपझिगच्या लढाईत नेपोलियनविरुद्ध एकत्र आलेल्या फौजांचा सरसेनापती याच घराण्यातला, आणि १८४८च्या उठावांनंतर ऑस्ट्रियाचा कारभार सावरणारा पंतप्रधान फेलिक्स हाही याच घराण्यातला. प्रागपासून जवळच्या कुटना होराजवळ, सेडलेत्सच्या अस्थिगृहात, माणसांच्या हाडांनी रचलेले या घराण्याचे भलेमोठे मानचिन्ह आहे. त्यात तुर्काच्या मुंडक्याचा डोळा टोचणारा कावळाही हाडांचाच केलेला आहे. पर्यटक त्याची छायाचित्रे घेतात आणि पुढे जातात, पण सामान्य चेक माणसाच्या मनात हे नाव किती खोल आणि किती दुहेरी अर्थाने रुतलेले आहे हे समजून घ्यायला ते चिन्ह पुरेसे आहे: आपल्या भूमीतले, तरीही व्हिएन्नाच्या बाजूचे.

१० डिसेंबर १९१८ रोजी नव्या चेकोस्लोव्हाकियाने कायदा करून सर्व सरदारी किताब रद्द केले. कारेल यांचा जन्म १० डिसेंबर १९३७चा, म्हणजे किताब रद्द होऊन बरोबर एकोणीस वर्षे झाल्यावरचा. कायद्याच्या दृष्टीने ते आपल्या देशात जन्मापासूनच साधे नागरिक होते. तरीही आयुष्यभर लोक त्यांना ‘क्नीझे’, म्हणजे सरदारांतला वरच्या पायरीचा किताबधारी, असेच म्हणत राहिले, कधी आदराने, कधी टोचून. (योगायोग असा की, मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामाही पुढे १९४८ साली याच तारखेला संमत झाला, आणि तोच या गृहस्थांच्या आयुष्याचा मुख्य विषय ठरला.)

पुढच्या निवडणुकीचा उलगडा ज्या गोष्टीवाचून होत नाही ती अशी. सप्टेंबर १९३८मध्ये, देशाचा सीमाभाग हिटलरच्या जर्मनीला देणाऱ्या म्युनिक कराराच्या ऐन तोंडावर, बोहेमियातल्या जुन्या घराण्यांच्या एका शिष्टमंडळाने राष्ट्राध्यक्ष एडवर्ड बेनेश यांची भेट घेऊन देशाच्या ऐतिहासिक सीमा अभंग राहाव्यात असे निवेदन दिले, आणि त्या कामात कारेल यांचे वडील पुढे होते. घराण्याच्या दुसऱ्या, अधिक श्रीमंत शाखेची मालमत्ता नाझींनी जप्त केली. तिचे वारस हाइनरिख बुखेनवाल्डच्या छळछावणीत होते. युद्ध संपल्यावर, १९४७ साली, प्रागच्या संसदेने खास या एका शाखेसाठी स्वतंत्र कायदा करून ह्लुबोका आणि चेस्की क्रुमलोव्ह इथल्या वाड्यांसह ती सारी मालमत्ता सरकारजमा केली. फेब्रुवारी १९४८मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि उरलेल्या शाखेलाही देश सोडावा लागला. तेव्हा कारेल दहा वर्षांचे होते. पुढे त्याच हाइनरिख यांनी त्यांना दत्तक घेतले आणि दोन शाखांचा वारसा एका माणसाकडे आला. नाझींनी छळलेले आणि कम्युनिस्टांनी हाकललेले हे घराणे होते, एवढे ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

व्हिएन्नात वाढलेल्या या तरुणाने कायद्याचा आणि वनशास्त्राचा अभ्यास केला, पण पदवी पुरी केली नाही. दत्तक वडिलांच्या निधनानंतर ऑस्ट्रिया आणि बव्हेरियातली जंगले, शेती आणि व्हिएन्नातला वाडा सांभाळणे हे त्यांचे काम झाले. इथवरची कथा निर्वासित सरदारांच्या शंभर कथांसारखीच आहे, आणि ती तशीच राहिली असती तर आज आपण त्यांच्याबद्दल बोलत नसतो.

१९७५च्या हेलसिंकी करारात सोव्हिएत गटातील देशांनी मानवी हक्कांचे एक कलम, बहुधा ते कागदावरच राहील या समजुतीने, मान्य केले होते. पूर्व युरोपातल्या विरोधकांनी तेच कलम हातात धरून आपापल्या सरकारांना जाब विचारायला सुरुवात केली. प्रागमध्ये जानेवारी १९७७ची सनद त्यातूनच निघाली. या निरनिराळ्या गटांना पश्चिमेकडून आधार देण्यासाठी व्हिएन्नात जो आंतरराष्ट्रीय हेलसिंकी महासंघ उभा राहिला, त्याचे अध्यक्षपद १९८४पासून कम्युनिस्ट राजवटी कोसळेपर्यंत श्वार्त्सेनबर्ग यांच्याकडे होते. १९८९ साली युरोप परिषदेने आपला मानवी हक्क पुरस्कार दिला तो पोलंडचे कामगार नेते लेख वालेसा यांना आणि या महासंघाला. त्याच काळात बव्हेरियातल्या शाइनफेल्ड येथील आपल्या मूळ गढीत त्यांनी बंदी घातलेल्या चेक साहित्याच्या संग्रहाला जागा दिली. इतिहासकार व्हिलेम प्रेचान यांनी तिथे देशांतर्गत टंकलिखित होऊन हातोहात फिरणारी हजारो पाने जमवली आणि जपली.

आमच्या व्यवसायात या कामाला रूढ नाव नाही. हे सरकारचे काम नव्हते, पण त्यात लागणारी कौशल्ये तीच होती: बैठकीत कोणाशेजारी कोणाला बसवायचे याचे भान, तीन-चार भाषांत सहज वावर, दूतावासांच्या सचिवांपासून मंत्र्यांपर्यंत ओळखी, आणि निकालाची घाई नसणे. घराणे इथे सर्वांत जास्त कामी आले, असे मी निःशंकपणे म्हणेन. व्हिएन्ना, बॉन किंवा रोममध्ये श्वार्त्सेनबर्ग हे नाव सांगितले की दार उघडत असे. एरवी एखाद्या निर्वासित संघटनेच्या पत्राला सहा महिन्यांनी पोच येते. खर्चासाठी कोणाकडे हात पसरावा लागत नव्हता. आणि अप्रिय बोलल्याबद्दल त्यांची नोकरी जाणार नव्हती, कारण ती नव्हतीच. मात्र नाव आणि पैसा हे दोन्ही असलेले पुष्कळ लोक त्या काळी व्हिएन्नात होते, आणि त्यांतल्या बहुतेकांनी शिकारी केल्या. म्हणून केवळ घराण्याला श्रेय देणाऱ्यांशी माझे जमत नाही.

१९८९च्या अखेरीस व्हात्स्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले आणि पुढच्या वर्षी श्वार्त्सेनबर्ग त्यांच्या कार्यालयाचे प्रमुख झाले. या पदाला तिथे ‘कांत्सलेर्झ’ म्हणतात. आपल्याकडच्या राष्ट्रपतींच्या सचिवासारखे, पण वजन त्याहून जास्त. हावेल नाटककार होते, त्यांचे सहकारी काल-परवापर्यंत बॉयलर पेटवणारे किंवा तुरुंगात बसलेले. परदेशी राष्ट्रप्रमुखाचे स्वागत कसे करतात, पाहुण्याला कोणत्या पायरीपर्यंत सामोरे जातात, भेटीचे इतिवृत्त कोण लिहितो, हे सारे शून्यातून बसवायचे होते. राजशिष्टाचाराला हसणारे लोक पुष्कळ असतात. तो नसला म्हणजे काय गोंधळ होतो हे एकदा अनुभवलेला माणूस हसत नाही. १९९२च्या जुलैत हावेल पायउतार झाले आणि श्वार्त्सेनबर्गही बाहेर पडले. मधल्या वर्षांत ते ‘रेस्पेक्ट’ या स्वतंत्र बाण्याच्या साप्ताहिकाचे प्रमुख मालक होते. २००४ साली ते सिनेटवर निवडून गेले, आणि २००५च्या मे महिन्यात क्यूबातील विरोधकांना भेटायला गेले असता त्या सरकारने त्यांना पकडून देशाबाहेर काढले. तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. ज्या वयात आम्ही निवृत्तिवेतनाचे कागद भरतो त्या वयात.

२००७च्या जानेवारीत ग्रीन पक्षाच्या शिफारशीवरून त्यांचे नाव परराष्ट्रमंत्रिपदासाठी पुढे आले, तेव्हा तत्कालीन राष्ट्राध्यक्ष व्हात्स्लाव क्लाउस यांनी आक्षेप घेतला. ऑस्ट्रियाशी इतका घनिष्ठ संबंध असलेला माणूस ऑस्ट्रियासमोर, विशेषतः सीमेजवळच्या तेमेलिन अणुवीज प्रकल्पाच्या वादात, आपल्या देशाची बाजू लढवील का, अशी त्यांची शंका होती. शंका व्यावसायिक दृष्ट्या गैर नव्हती, असे मला वाटते. कोणत्याही सेवेत असा प्रश्न विचारला जातोच. मात्र श्वार्त्सेनबर्ग यांच्याकडे चेक नागरिकत्वाबरोबर स्विस नागरिकत्व होते, ऑस्ट्रियाचे नव्हते, हा तपशील त्या वादात पुष्कळदा हरवला. अखेर त्यांची नेमणूक झाली.

मंत्री म्हणून त्यांच्या कामाचे मूल्यमापन करताना मला दोन प्रसंग महत्त्वाचे वाटतात. पहिला ८ जुलै २००८चा. अमेरिकेच्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचे रडार ब्रदी टेकड्यांत उभारण्याच्या करारावर त्यांनी आणि अमेरिकेच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्री काँडोलीझा राइस यांनी प्रागमध्ये सह्या केल्या. देशातले जनमत विरोधात होते, मॉस्को चिडले होते, आणि कनिष्ठ सभागृहाची मंजुरी कधीच मिळाली नाही. सप्टेंबर २००९मध्ये ओबामा प्रशासनाने ती योजनाच गुंडाळली. छोट्या देशाच्या मंत्र्याने आपली पत मोठ्या मित्राच्या एका योजनेला बांधली आणि मित्राने योजना बदलली, हे या व्यवसायातले जुने दुखणे आहे. त्यात घराण्याचा काही संबंध नाही. संबंध आहे तो इतकाच की, पुढची निवडणूक डोळ्यांपुढे ठेवून चालणाऱ्या मंत्र्याने लोकमताच्या इतक्या उघड विरोधात जाऊन सही करायला दहा वेळा विचार केला असता. या बेफिकिरीचे मी कौतुक करीत नाही. परराष्ट्र धोरण लोकांना पटवून देणे हाही मंत्र्याच्या कामाचा भाग असतो आणि तो त्यांनी नीट केला नाही.

दुसरा प्रसंग २९ नोव्हेंबर २०१२चा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पॅलेस्टाइनला निरीक्षक राष्ट्राचा दर्जा देण्याच्या ठरावाविरुद्ध जी नऊ मते पडली, त्यांत युरोपातले एकच मत होते, आणि ते चेक प्रजासत्ताकाचे. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले होते. त्या मताच्या योग्यायोग्यतेत मी इथे शिरत नाही. परंतु युरोपीय महासंघाचे सभासद असलेल्या, एक कोटीच्या आसपास लोकसंख्येच्या देशाने बाकी सर्व सोबत्यांपासून अलग होऊन उभे राहायचे ठरवले, ते चुकून झालेले नव्हते. ती त्या मंत्रालयाची विचारपूर्वक भूमिका होती.

यांच्या मधल्या काळात त्यांचे राजकीय बळ शिखरावर होते. मार्च २००९मध्ये, चेक प्रजासत्ताकाकडे युरोपीय महासंघाचे फिरते अध्यक्षपद असतानाच, त्यांचे सरकार अविश्वास ठरावाने पडले. त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखाली ‘टॉप ०९’ हा नवा पक्ष निघाला आणि २०१०च्या निवडणुकीत त्याने १६.७ टक्के मते व ४१ जागा मिळवल्या. पक्षाची बांधणी मिरोस्लाव कालोउसेक यांची, चेहरा श्वार्त्सेनबर्गांचा. जाहीर बैठकांत त्यांना डुलकी लागते यावर व्यंगचित्रे निघत, त्यांचे बोलणे पुटपुटल्यासारखे आणि भाषा आजोबांच्या पिढीची. आणि लोकांना नेमके हेच आवडले, कारण तोवर धंदेवाईक राजकारण्यांना ते कंटाळले होते. इथे घराणे मतपेटीतही कामी आले हे मान्य केले पाहिजे: ज्याच्याकडे आधीच सगळे आहे तो चोरी कशाला करील, हा विचार मतदार करतो. आपल्याकडेही संस्थानी घराण्यांतल्या उमेदवारांबद्दल हे वाक्य गावोगाव ऐकू येते.

आता २०१३. चेक राष्ट्राध्यक्ष तोवर संसद निवडत असे. त्या वर्षी प्रथमच थेट जनतेने निवडायचा होता. पहिल्या फेरीत मिलोश झेमान यांना २४.२१ टक्के आणि श्वार्त्सेनबर्ग यांना २३.४० टक्के मते पडली. पंचाहत्तर वर्षांच्या उमेदवाराच्या डोक्यावर रंगीत तुरा काढलेली चित्रे प्रागच्या तरुणांनी बिल्ल्यांवर मिरवली. दुसऱ्या फेरीआधीच्या दूरचित्रवाणीवरील वादात बेनेश यांच्या १९४५च्या फर्मानांचा विषय निघाला. या फर्मानांनी जर्मन भाषिकांचे नागरिकत्व आणि मालमत्ता काढून घेतली, आणि युद्धानंतर जवळपास तीस लाख लोक देशाबाहेर घालवले गेले. श्वार्त्सेनबर्ग म्हणाले त्याचा आशय असा: आपण १९४५ साली जे केले ते आज मानवी हक्कांचे गंभीर उल्लंघन मानले जाईल, आणि तेव्हाचे सरकार, बेनेश यांच्यासह, कदाचित हेगच्या न्यायालयात उभे असते. झेमान यांनी ती संधी सोडली नाही. हे बोलणे चेक राष्ट्राध्यक्षाचे नसून सुडेटन जर्मनाचे, म्हणजे सीमाभागातून घालवलेल्या त्या जर्मन भाषिकांपैकी एकाचे आहे, असे ते म्हणाले. त्यानंतर ऑस्ट्रियन पत्नीला चेक बोलता येत नाही हा मुद्दा निघाला, आणि मतदानाच्या दिवशी एका मोठ्या खपाच्या दैनिकात त्यांना मत देऊ नका असे सांगणारी पूर्ण पानाची जाहिरात आली. निकाल: झेमान ५४.८ टक्के, श्वार्त्सेनबर्ग ४५.२.

अनेक जण म्हणतात की मुत्सद्दी माणसाने असे बोलायलाच नको होते. सेवेतल्या माणसाचे उत्तर ठरलेले असते: हा प्रश्न इतिहासकारांचा आहे, १९९७च्या चेक-जर्मन जाहीरनाम्याने तो मिटला आहे, दोन्ही देश भविष्याकडे पाहत आहेत. अशी तीन वाक्ये बोलून पुढच्या प्रश्नाकडे वळता आले असते, आणि ही वाक्ये त्यांना माझ्यापेक्षा चांगली येत होती. त्यांनी ती वापरली नाहीत. माझा तर्क असा की, ज्या माणसाने कित्येक वर्षे इतर सरकारांना मानवी हक्कांची कलमे वाचून दाखवली, त्याला स्वतःच्या देशापुरती सूट मागणे जमले नाही. हा हेलसिंकीच्या कामाचा परिणाम होता, रक्ताचा नव्हे.

पण मतदाराने ते रक्ताशी जोडले, आणि प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. नोवाक किंवा द्वोर्झाक अशा सर्वसाधारण चेक आडनावाच्या उमेदवाराने, आणि हावेल यांनी १९९०च्या सुमारास जवळपास, हेच म्हटले तर ते देशाच्या सदसद्विवेकाचे बोल ठरतात. रागावणारे रागावतात, पण बोलणाऱ्याच्या निष्ठेवर शंका घेत नाहीत. श्वार्त्सेनबर्ग नावाचा माणूस तेच म्हणतो तेव्हा सीमाभागातल्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला, ज्यांच्या आजोबांना ते घर १९४५ नंतर मिळाले, असे वाटते की जुना मालक घर परत मागायला आला आहे. श्वार्त्सेनबर्ग यांच्या वडिलांनी १९३८ साली काय केले, दत्तक वडील कोणत्या छावणीत होते, १९४७चा कायदा काय होता, हे सांगायला दोन मिनिटांच्या उत्तरात जागा नसते. म्हणजे घराणे आड आले हे खरे, परंतु उच्चकुलीनतेबद्दलच्या मत्सराने नव्हे. प्रागमध्ये त्यांना भरघोस मते पडली. मत्सर असता तर तो राजधानीतही दिसला असता.

मूळ प्रश्नात औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातल्या अप्पासाहेब पंतांशी तुलना करता येईल का, असेही विचारले होते. थोडीच. संस्थानात लोकांकडे कारभार सोपवण्याच्या प्रयोगात वाढलेले अप्पासाहेब १९४८ साली भारताचे आयुक्त म्हणून पूर्व आफ्रिकेत नैरोबीला गेले, पुढे सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन आणि इटलीत त्यांनी काम केले. घराण्याने दिलेला मोकळेपणा आणि वसाहतींच्या मालकांपुढे न दबणे हे दोघांत सारखे आहे. परंतु अप्पासाहेबांच्या मागे दिल्लीतले सरकार उभे होते आणि त्यांच्या नेमणुका सरकारी होत्या. श्वार्त्सेनबर्ग यांना चाळीस वर्षे सरकारच नव्हते. ज्याच्या विरुद्ध काम करायचे ते सरकार तेवढे होते.

पराभवानंतर ते २०२१पर्यंत संसदेत राहिले. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हिएन्नात वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि प्राग किल्ल्यातील संत व्हितुसच्या प्रार्थनामंदिरातील अंत्यविधीनंतर ओर्लिकच्या घराण्याच्या दफनस्थळी त्यांना ठेवण्यात आले. १९८९ नंतर परत मिळालेल्या मालमत्तेत हा ओर्लिकचा वाडा होता. ह्लुबोका आणि क्रुमलोव्ह, म्हणजे त्या १९४७च्या कायद्याखाली गेलेले, मिळाले नाहीत. लहानपणी त्यांनी पाहिलेला ओर्लिक व्ल्तावा नदीच्या पात्रापासून कितीतरी उंच कड्यावर होता. १९६१ साली पूर्ण झालेल्या धरणाने दरी भरली, आणि आता पाणी वाड्याच्या पायाशी आहे.